पहिलं दर्शन

"एकही पट्टी सुटता कामा नये," बेंद्रे सर म्हणाले. "आबासाहेब येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काय?"

हे शेवटचं 'काय' उत्तरासाठी नसायचं. सर ते विद्यार्थ्यांना म्हणत, बायकोला म्हणत, आणि आता मालावीतल्या एका सरोवराकाठच्या सरकारी इस्पितळात, सकाळच्या चहाचा कप हातात धरून, आम्हाला म्हणत होते.

"सर, पट्ट्या सकाळीच सोडायच्या असतात," मी म्हटलं. "डोळे तपासायचे असतात. थेंब सुरू करायचे असतात."

"मला शिकव. तू शाळेत होतीस तेव्हापासून मी मोतीबिंदू काढतोय."

"पण आबासाहेब आहेत कुठे?"

"पाणघोडे बघायला गेलेत. वहिनी पण गेल्यात. जेवायच्या आत येतील."

मी तेव्हा पस्तिशीची होते. कराडला स्वतःचा दवाखाना नुकता कुठे उभा राहिला होता आणि तोंड फटकळ होतं. तोंड अजून तसंच आहे. सरांच्या ज्या मंडळाने हे शिबिर भरवलं होतं, त्याने त्यानंतर मला पुन्हा कुठल्याही देशात नेलं नाही. त्याचं कारण ओघात येईलच. लोक विचारतात, डॉक्टर, तुम्ही आफ्रिकेत सेवा करायला गेला होतात ना? मी म्हणते, गेले होते, पण सेवा आबासाहेबांची झाली.

हे आबासाहेब आमच्या भागातल्या एका सूतगिरणीचे, एका पतपेढीचे आणि हाताच्या बोटांवर न मावणाऱ्या शाळांचे अध्यक्ष. डोळ्यांत बसवायची सगळी भिंगं त्यांच्या देणगीतली. त्यांची पंचाहत्तरी जवळ आली होती आणि गौरवग्रंथाचं काम सुरू होतं. त्यात एक प्रकरण 'सातासमुद्रापार' असं होतं. प्रकरणाचं नाव आधी ठरलं आणि मग समुद्र ओलांडायचं ठरलं, हे मला विमानात कळलं. सरांचा मेव्हणा शिरीष आमच्याबरोबर तंत्रज्ञ म्हणून आला होता. त्याला येत असलेलं एकमेव तंत्र म्हणजे फोटो काढणं. औषधांच्या खोक्यात जागा नव्हती म्हणून सलाइनचे सेट कराडला मागे राहिले, पण पितळी समई, शाली आणि भलामोठा कापडी फलक सुखरूप पोचले होते.

आमच्याकडच्या शिबिरांत पट्टी सोडायला प्रमुख पाहुणे बोलवायची रीत आहे, ती बहुतेकांनी पाहिली असेल. बेंद्रे सरांनी त्यात स्वतःची भर घातली होती. नजर आल्यावर रोग्याला सगळ्यात आधी दात्याचा चेहरा दिसला पाहिजे, असा त्यांचा नियम. त्याला ते 'पहिलं दर्शन' म्हणत. पट्टी सुटताना नर्सनेही समोर यायचं नाही, बाजूने हात घालायचा. गावाकडे हे चालून जायचं, कारण पाहुणे फार तर तासभर उशिरा येत. इथे पाहुणे नदीवर होते आणि पाणघोडा तोंड उघडत नव्हता. तो तोंड उघडेपर्यंत आबासाहेब हलायला तयार नाहीत, असा ड्रायव्हरचा निरोप थोड्या वेळाने आला.

वॉर्डात सगळे रोगी एका डोळ्याला पट्टी बांधून ओळीने बसले होते. तिथल्या नेत्रविभागाच्या प्रमुख, ताडाला नावाच्या सिस्टर, दारात उभ्या होत्या. उंच, शांत बाई. इंग्रजी आमच्यापेक्षा चांगलं.

"डॉक्टर, सुरू करायचं का?" त्यांनी विचारलं.

"थांबायचंय," मी म्हटलं.

"कशासाठी?"

मी काय सांगणार? पाणघोड्यासाठी, असं ओठांवर आलं होतं. "आमचे पाहुणे यायचेत," मी म्हटलं.

"पाहुणे डॉक्टर आहेत का?"

"नाहीत."

सिस्टरनी रोग्यांच्या ओळीकडे पाहिलं. म्हणाल्या, "मग निदान आगोगो नाफिरींना बघून घ्या. त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. उलटी झाली."

आगोगो म्हणजे आजी. तिकडे कुठल्याही वयस्कर बाईला मानाने असं म्हणतात. पण नाफिरी नुसत्या आजी नव्हत्या, त्या आपल्या गावच्या प्रमुख होत्या. त्या भागात मान आईच्या बाजूने चालतो, त्यामुळे बाई गावच्या गादीवर असणं नवलाचं नाही, आणि तिच्यामागे गादी जाते ती बहिणीच्या मुलाकडे. गावातल्या शेतांच्या हद्दी चालून बघणं, भांडणं सोडवणं हे प्रमुखाचं काम. नाफिरींचा एक डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू वाढत वाढत आता नुसता उजेड कळत होता. हद्द न दिसणारा प्रमुख काय कामाचा, अशी कुजबुज गावात सुरू झाली होती. गावच्या पंचांनी ठरवलं होतं की या ऑपरेशनने दिसलं तर ठीक, नाहीतर मानाची चवरी भाच्याकडे द्यायची. ही चवरी म्हणजे जनावराच्या शेपटीच्या केसांची, लाकडी मुठीची. ती ज्याच्या हातात, त्याचा शब्द गावात चालतो. पंच त्या दिवशी स्वतः इस्पितळात आले होते आणि आवारातल्या आंब्याखाली बसले होते. हे सगळं मला सिस्टरनी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

भाचा वायसन त्यांच्या खाटेशीच होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, वागायला अतिशय नम्र. मावशीला हात धरून नेणं, पाणी देणं, सगळं तोच करायचा. चवरीही तोच सांभाळायचा, मावशीला ओझं नको म्हणून. असे भाचे आमच्याकडे गावोगाव आहेत. मला त्याची ओळख करून घ्यायची गरज पडली नाही.

आगोगो खाटेवर ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण दोन्ही हातांनी खाटेची कड इतकी घट्ट धरलेली की नखं पांढरी पडली होती.

"दुखतंय का विचारा," मी म्हटलं.

सिस्टरनी विचारलं. आगोगोंनी एक शब्द उच्चारला.

"नाही म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. मग वायसनकडे एकवार बघून त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. तो पाण्याचं भांडं घेऊन बाहेर गेला. सिस्टरनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी आगोगो बऱ्याच बोलल्या, अगदी हळू आवाजात.

"म्हणतात, डोक्याची ही बाजू फुटेल असं वाटतंय. काल संध्याकाळपासून. पण तो इथे बसला असताना मी कण्हणार नाही."

काय झालं असणार ते मला कळलं, कारण मी आदल्या दिवशी शेजारच्याच टेबलावर होते. मोतीबिंदू काढताना डोळ्यात एक चिकट जेल भरतात आणि शेवटी ती नीट धुऊन काढतात. धुवायला थोडा वेळ लागतो. बेंद्रे सर आदल्या दिवशी विक्रमाच्या मागे होते. शिरीष दर ऑपरेशनला फोटो काढून आकडा मोठ्याने सांगत होता आणि सर प्रत्येक रोग्यामागे तेवढाच वेळ वाचवत होते. जेल आत राहिली की डोळ्यातला दाब चढतो. चांगल्या डोळ्याने हे एखादा दिवस सोसलं असतं. पण जिच्या एका डोळ्याचा काचबिंदूने घास घेतलाय, तिच्या दुसऱ्या डोळ्याची नस आधीच अर्धमेली असणार. अशी नस दाबाखाली दिवसभरही टिकत नाही, कायमची मरते. मग भिंग आबासाहेबांचं असो नाहीतर देवाचं, दिसत काही नाही.

मी सरांना शोधायला गेले. ते आवारात फलक बांधून घेत होते. पंच आंब्याखाली बसले होते त्यांना उठवून सावलीतून बाहेर बसवलं होतं, कारण फलकाला झाडाचाच आधार होता.

"सर, आगोगो नाफिरींचा दाब चढलाय. उलट्या होताहेत. पट्टी सोडून बघते."

"कोण नाफिरी?"

"गावची प्रमुख. काल तुम्हीच केली."

"अगं, तिचंच तर पहिलं ठेवलंय," सर म्हणाले. "राणी आहे ना ती. राणीला दृष्टिदान. शिरीष, डावा कोपरा वर घे."

"सर, तिला तो एकच डोळा आहे."

"मग जरा दुखणारच. ऑपरेशन झालंय, लग्न नाही. पॅरासिटमॉल दे."

"जेल राहिलीय आत."

हे मी मोठ्याने म्हणायला नको होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. माझं मत तेव्हाही वेगळं होतं आणि आजही आहे. त्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. आवाज एकदम मायेचा झाला.

"सुनीती, नीट विचार कर. ही सगळी भिंगं कुणाची? पुढच्या वर्षी पुन्हा यायचं तर कुणाच्या जिवावर? आबासाहेब खूश झाले तर आणखी कितीतरी डोळे होतील. एका म्हातारीपायी तू ते सगळं घालवणार आहेस का?"

या बोलण्यात काहीच खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याची शिसारी आली. माणूस पुढच्या वर्षीच्या डोळ्यांची काळजी वाहत होता आणि या वर्षीचा एक त्याच्या हाताखाली मरत होता.

"तुम्ही येता का बघायला, का मी एकटीच जाऊ?" मी विचारलं.

"पट्टी सोडलीस तर पुढच्या वर्षी तुझं नाव नसेल."

"लिहून ठेवा," मी म्हटलं आणि आत गेले.

वायसन पाणी घेऊन परत आला होता. मावशीला पुन्हा उलटी झालेली त्याने पाहिली आणि भांडं ठेवून तो बाहेर गेला. खिडकीतून मला तो दिसला. पंचांपुढे गुडघे टेकून, मान खाली घालून तो काहीतरी सांगत होता.

"काय सांगतोय?" मी विचारलं.

सिस्टरनी कान दिला. "सांगतोय की परदेशी डॉक्टरांनी मावशीचा डोळा घालवला. फार दुःखाने सांगतोय."

आम्ही पडदा ओढला. मी पट्टी सोडली. पापणी सुजलेली, डोळा लाल, बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं. पापणीवर अलगद बोट ठेवलं तर खाली दगड. मी डोळा बधिर करायचे थेंब घातले. हा उपाय साधा आहे, तो ज्याला सुचेल त्याच्या मोठेपणाचं त्यात काही नाही. ऑपरेशनच्या वेळी कडेला जे बारीक भोक केलेलं असतं, ते सुईच्या टोकाने जरासं उघडायचं आणि आतलं पाणी थोडं बाहेर येऊ द्यायचं. सिस्टरनी डोकं धरलं. आगोगो हलल्यासुद्धा नाहीत. पाणी आलं, त्याच्याबरोबर जेलची एक चिकट तार आली, आणि मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. खाटेची कड सुटली होती.

त्यांनी एक लांब श्वास सोडला. दाबाच्या गोळ्या दिल्या, थेंब घातले आणि आम्ही नुसत्या बसून राहिलो. हळूहळू बुबुळावरची वाफ विरत गेली. आगोगोंनी डोळा माझ्यावर रोखला, बराच वेळ बघितलं आणि काहीतरी म्हणाल्या.

"म्हणतात, हिच्या नाकात काहीतरी चमकतंय," सिस्टर म्हणाल्या.

माझी चमकी. बाजरीच्या दाण्याएवढा खडा आहे. मला रडू आलं, हे कबूल करते. मी सहसा रडत नाही.

नेमके तेव्हाच बेंद्रे सर पडदा सारून आत आले. त्यांनी आगोगोंकडे बघितलं, सुईकडे बघितलं, आणि डोळा वाचलाय हे त्यांनाही कळलं, कारण धंदा त्यांना येत होता. क्षणभर वाटलं, आता हा माणूस हुश्श म्हणेल. निदान खाली बसेल.

"म्हणजे पहिलं दर्शन तुझं झालं?" ते म्हणाले.

मी सुई बाजूला ठेवली.

"ठीक आहे. अजून काही बिघडलेलं नाही," सर म्हणाले. "परत बांध."

"काय?"

"पट्टी. परत बांध. आबासाहेब निघालेत तिकडून. पाणघोड्याने तोंड उघडलं."

"मी बांधणार नाही."

"मी बांधतो मग."

आम्ही मराठीत भांडत होतो, पण हातवारे कुठल्याही भाषेत कळतात. आगोगो एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सिस्टरना काय चाललंय ते विचारलं. मी सिस्टरना इंग्रजीत सांगितलं आणि त्यांनी आगोगोंना, बहुतेक सगळंच सांगितलं असावं, कारण आगोगो हसल्या. दात थोडेच होते पण हसू भरपूर होतं. मग त्यांनी एक प्रश्न विचारला.

"वायसन कुठे आहे विचारतात," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनीच उत्तर दिलं, "बाहेर आहे, पंचांपाशी."

"बांधा म्हणतात," सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या. "पट्टी परत बांधा. आणि मला सगळ्यांत पुढे बसवा, म्हणतात."

"बघ," बेंद्रे सर म्हणाले. "तिला आहे तेवढी अक्कल तुला नाही."

मी निर्जंतुक पट्टी घेतली आणि बांधली. सैल बांधली, डोळ्याला धक्का लागणार नाही अशी. पण मनातून मी आगोगोंवर चिडले होते. काल या बाईबद्दल केवढा आदर वाटला होता मला, आणि ही पण शेवटी देणगीदारापुढे मान तुकवणारीच निघाली. जगात कुठेही जा, शाल दिसली की माणसं वाकतात, असं मी स्वतःशी म्हटलं. मला तेव्हा सगळ्यांचाच तिटकारा आला होता, तर त्यांनी काय घोडं मारलं होतं?

आबासाहेब दुपारी आले. जीपमधून उतरले तेच पाणघोड्याबद्दल बोलत. "एवढा जबडा," त्यांनी दोन्ही हात पसरून पंचांना दाखवलं. पंचांनी माना हलवल्या. त्यांच्या गावात पाणघोडे शेतं तुडवतात, हे आबासाहेबांना कोण सांगणार? वहिनी जीपमध्येच केस नीट करत होत्या.

समारंभ सुरू झाला. वाऱ्याने समई पेटेना, तेव्हा ती पेटवत असल्याचा फोटो काढून काम भागवलं. सर मंडळाच्या कार्याबद्दल इंग्रजीत बोलले. आबासाहेब मराठीत बोलले. त्याचा सरांनी इंग्रजी अनुवाद केला, त्याचा सिस्टरनी त्यांच्या भाषेत केला, आणि दर वेळी भाषण आखूड होत गेलं. आबासाहेब पंधरावीस वाक्यं बोलले की सिस्टरकडून दोन शब्द बाहेर पडत. लोक शांतपणे ऐकत होते. उन्हात बसलेल्या रोग्यांच्या कपाळावरचा घाम पट्ट्यांत मुरत होता.

आगोगो सगळ्यांत पुढे, खुर्चीवर. त्यांच्या मागे ओळीने बाकीचे रोगी. समोर थोड्या अंतरावर गावचे पंच, त्यांच्यामागे गावातल्या बायकापुरुषांचा घोळका, आणि पंचांच्या रांगेत, अगदी मधोमध, वायसन. सकाळी तो पंचांपुढे गुडघ्यांवर होता. आता शेजारी बसला होता आणि चवरी त्याच्या मांडीवर आडवी होती.

"आता दृष्टिदान," सर माईकवर म्हणाले. मग मराठीत, हळू, "आबासाहेब, अगदी समोर उभे राहा. चेहरा खाली. हां. तिला दुसरं काही दिसायला नको."

शिरीष गुडघ्यावर बसला. सिस्टरनी बाजूने हात घालून पट्टी सोडली. आबासाहेब टोपी सावरत, हात जोडून, आगोगोंच्या नाकासमोर उभे होते. भरल्या अंगाचा माणूस. त्यांच्यामागचं काहीएक दिसणं शक्य नव्हतं.

आगोगोंनी डोळा उघडला. दोनतीनदा मिटला, परत उघडला.

"आई, तुम्हाला काय दिसतंय?" सरांनी माईकवर विचारलं. सिस्टरनी प्रश्न सांगितला.

आगोगो चार शब्द बोलल्या. समोरचा घोळका हसला. सिस्टर इंग्रजीत, सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "त्या म्हणतात, या माणसाला बाजूला व्हायला सांगा. माझी माणसं त्याच्यामागे आहेत."

सरांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडेच बघत होते, त्यांना नीट ऐकू गेलं होतं. मग ते आबासाहेबांकडे वळले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "आबासाहेब, म्हणतेय, मला देव दिसला."

आबासाहेबांचे डोळे पाणावले. वहिनींनी पदर नाकाला लावला. देव झालेला माणूस आता जागचा हलतोय कशाला? त्यांनी हात आणखी वर जोडले आणि शिरीषला म्हणाले, "आणखी एक घे."

तेव्हा आगोगो खुर्चीवरून उठल्या. त्यांनी एक हात आबासाहेबांच्या जाकिटावर ठेवला आणि दारात आडवं उभं राहिलेलं वासरू सारावं तसं त्यांना बाजूला सारलं. राग नाही, घाई नाही. मग त्या समोर बघू लागल्या.

त्या पंचांच्या रांगेकडे बघत होत्या. एकेकावर नजर ठेवून त्या एकेकाचं नाव घ्यायला लागल्या. नाव घेतलं की तो म्हातारा खाली गुडघ्यावर यायचा. एकाला नावाबरोबर आणखी काही म्हणाल्या. "तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय, म्हणतात," सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटल्या. नावं घेत घेत त्या मधोमध आल्या आणि थांबल्या.

वायसन उठून उभा राहिला होता. कुठे बघावं ते त्याला कळत नव्हतं.

आगोगोंनी त्याचं नाव घेतलं नाही. नुसता हात पुढे केला.

तो तेवढं अंतर गुडघ्यांवर चालत आला. चवरी दोन्ही हातांवर धरून त्याने त्यांच्या पायाशी ठेवली. आगोगोंनी ती उचलली, झटकली, त्याचा हात लागलेली मूठ आपल्या कपड्याला पुसली आणि खुर्चीवर बसल्या.

आता मला कळलं की पट्टी का बांधून घेतली होती. पडद्यामागे मी आणि एक नर्स असताना दिसून त्यांना काय उपयोग होता? त्यांना दिसतंय हे गावाला दिसायला हवं होतं, एका वेळी, सगळ्यांना, वायसनने डोळा गेल्याचं पंचांना रडून सांगून झाल्यावर. त्यासाठी समारंभ हवा होता, माईक हवा होता, आणि ते सगळं आबासाहेबांनी सातासमुद्रापार आणून दिलं होतं. सकाळी मी चिडले होते त्याची मला लाज वाटली नाही, हसू आलं.

मग टाळ्या सुरू झाल्या. आपल्यासारख्या नव्हेत. त्यांच्याकडे प्रमुखाला मान देताना तळवे पोकळ करून, सावकाश, एका लयीत टाळ्या वाजवतात. पंच गुडघ्यांवर होते. बायका जमिनीवर बसून मान खाली घालून टाळ्या वाजवत होत्या. पट्ट्या बांधलेले रोगीसुद्धा वाजवत होते. सगळं आवार एका ठेक्यात बोलत होतं आणि आगोगो चवरी मांडीवर घेऊन ते ऐकत होत्या.

आणि त्यांच्या शेजारी, जिथे त्यांनी सारलं होतं तिथेच, आबासाहेब उभे होते. छाती भरून आलेली. ते आधी उजवीकडे वळले आणि त्यांनी नमस्कार केला. मग डावीकडे वळून केला. मग टोपी काढून, मान लववून, तिसरा सगळ्यांना मिळून केला. टाळ्या थांबेनात, तसे त्यांचे नमस्कारही थांबेनात.

आगोगोंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. नव्या नजरेने, नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सिस्टरना जवळ बोलावून काहीतरी विचारलं. सिस्टर ओठ घट्ट मिटून माझ्यापाशी आल्या.

"डॉक्टर, आगोगो विचारतात, यांचं ऑपरेशन कधी आहे?"

बेंद्रे सर शेजारीच होते. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, पण आगोगोंनी आबासाहेबांकडे बोट केलेलं त्यांनी पाहिलं होतं.

"काय म्हणतेय गं? आबासाहेबांबद्दल म्हणतेय ना?" ते लगबगीने म्हणाले. "सांग, सांग. हे ग्रंथात घ्यायला हवं." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माईक माझ्या तोंडापुढे धरला.

मी सांगितलं. इकडचा शब्द तिकडे न करता, स्वच्छ मराठीत, आबासाहेबांना, वहिनींना आणि आमच्या मंडळाच्या झाडून सगळ्या सभासदांना ऐकू जाईल असं सांगितलं.